सीडी सोळाच्या स्पीडवर जाळ म्हणून तीनदा सांगितलं होतं की बे!

आत्ता सोलापुरातल्या नव्या पेठेतनं, सीडीच्या दुकानातनं घरी आलोय आणि रागानं हात थरथरतायत. काम काय होतं? मोठ्या आबांच्या भजनी मंडळाच्या १९९१ च्या दोन कॅसेट, त्या मी तीन रविवार घालवून कॉम्प्युटरवर घेतल्या, एकेक अभंग कापून वेव्ह फाईल केल्या, त्याची फक्त एक ऑडिओ सीडी जाळून, म्हणजे कोऱ्या डिस्कवर लिहून, पाहिजे होती. आबा ८२ वर्षांचे. मोबाईल नको, पेनड्राईव्ह नको, पहाटे पाचला उठून आपला जुना सीडी प्लेअर लावायचा एवढंच त्यांना जमतंय. त्या मंडळातले आता दोघंच राहिलेत.

डिस्कसुद्धा माझीच नेलेली, व्हर्बॅटिमची एझो डायवाली (डाय म्हणजे ज्या रंगाच्या थरात गाणं जाळलं जातं तो), जपून ठेवलेली शेवटची. दुकानातल्या पोराला तीनदा सांगितलं, १६एक्सवर (वाजायच्या वेगाच्या सोळापट) जाळ, डिस्क-ॲट-वन्स कर, म्हणजे अख्खी डिस्क एका दमात, मधी गॅप नको, वर काही चिकटवू नको. पोरगं एका कानात इअरफोन घालून हो हो म्हणतंय. आणि केलं काय, तर ५२एक्स, आणि ट्रॅक-ॲट-वन्स, एकेक ट्रॅक सुटा! अभंगाचा शेवट होऊन गजर उचलायचा, पखवाजवाल्याचा हात वर गेलेला, आणि तिथंच दोन सेकंद सगळं गप्प. वर गोल कागदी स्टिकर, दुकानाच्या नावाचं, ते पण वाकडं.

तरी लावली घरी. सुरुवातीचे अभंग बरे गेले, आबा डोळे मिटून मांडीवर ताल धरून बसलेले. बाराव्याला खर्रखर्र, मग टक टक टक, मग प्लेअर बंद. आबांचा हात तसाच वर. म्हणतात, "माझाच प्लेअर म्हातारा झाला असंल रे." मला तिथं बसवेना. शेवटचे ट्रॅक म्हणजे डिस्कची बाहेरची कड, आणि ५२ चा वेग ड्राईव्ह गाठतोय तो तिथंच, आत तर निम्मा पण नसतोय. अख्खी ८० मिनिटांची सीडी ५२ वर तीन मिनिटांत होती, १६ वर पाच-सहा लागतील. तीन मिनिटं वाचवली! कशाला? रील बघायला.

परत गेलो तर पोरगं म्हणतंय, "काका, डेटा डेटाच असतोय की." नसतोय बे! फाईलच्या सीडीत २३५२ बाईटच्या सेक्टरमधले (डिस्कवरचा एकेक तुकडा) २०४८ च फाईलला, बाकीच्यात बरीचशी चूक दुरुस्त करायची जादा सोय. ऑडिओत सगळे २३५२ गाण्यालाच जातात, ती जादा सोयच नाही, वाचता आलं नाही की प्लेअर आजूबाजूच्या सुरावरनं अंदाजानं भरतोय, आणि ते पण जमलं नाही की टक. हे सगळं मी काउंटरवर उभा राहून सांगतोय आणि मालक काय करतोय, तर "स्टिकरमुळं अडकत असंल" म्हणून नखानं स्टिकर ओढतोय. थांबा म्हणेपर्यंत चांदीचा पापुद्रा स्टिकरसकट हातात! अहो, जाड प्लास्टिक खालच्या बाजूला असतंय, वर नुसता वार्निशचा पातळ थर, गाणं त्याच्याच खाली. माझ्या डिस्कमधनं ट्यूबलाईट दिसायला लागली. वर म्हणतोय, दुसरी देतो, वीस रुपये. त्याची दुसरी म्हणजे केकबॉक्समधली, सुट्या डिस्कच्या गोल डब्यातली, डब्यावर नाव एकाचं, बनवली दुसऱ्यानं, आणि पुढच्या डब्यात तिसऱ्याचीच निघणार, ड्राईव्हमध्ये घालून बनवणाऱ्याचा कोड वाचल्याशिवाय कळत नाही. चांगल्या डिस्क बनवणारी जपानची तैयो युदेन, तिनं पण २०१५ च्या शेवटी डिस्क बनवायचं सोडलं.

आणि ते "१एक्सवरच जाळा, आवाज गोड येतो" सांगणारे शहाणे, त्यांचा वेगळाच राग येतोय मला. आजच्या डिस्कचा डाय जास्त स्पीड धरून बनवलाय, लई हळू जाळलं तरी एरर वाढू शकतात, आणि बरेच नवे ड्राईव्ह १एक्स देतच नाहीत. सोळा-चोवीसच्या मधी एकदोन डिस्क जाळून, सी२ एरर (ड्राईव्हला दुरुस्त न करता आलेल्या चुका) शून्य येतायत का बघून, मग आपल्या ड्राईव्हला काय मानवतंय ते ठरवायचं. एवढं कोण करतंय? एमपी३ ची सीडी करून "ओरिजिनल क्वालिटी" म्हणून विकतात, बॉलपेननं दाबून वर नाव लिहितात, मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर सीडी टाकून जातात आणि मग म्हणतात सीडी टिकत नाही. लॅपटॉपवाल्यांनी तर ड्राईव्हच काढून टाकला, नाहीतर मी कशाला गेलो असतो त्या दुकानात. आणि "सीडी कोण ऐकतं आता" असं विचारणाऱ्यानं आज माझ्याशी बोलूच नये. आबा ऐकतात.

आत्ता जेवताना त्यांनी विचारलं, "झाली का रे दुरुस्त?" मी हो म्हणालो. खोटं बोललो.

अशोक चौकातल्या मित्राकडं जुना डेस्कटॉप आहे, रायटर चालू आहे म्हणतोय, रविवारी मी स्वतः बसून जाळणार. फक्त डिस्क नाही. सोलापुरात कुणाकडं चांगली कोरी सीडी-आर पडून असेल, अंधारात ठेवलेली, तर सांगा. एकच पुरे. होटगी रोड, जुळे सोलापूर, कुठंही असू दे, येऊन घेऊन जातो.