परत जाता येईल इतकेच लांब

जळगावच्या आमच्या जुन्या छायाचित्रकार मंडळाचे वार्षिक प्रदर्शन जवळ आले आहे. त्याच्या नियमांवरून तेथे गेला महिनाभर जो वाद चालला आहे, तो मी कॅनडातल्या कॅलगरीत बसून, सकाळी सी-ट्रेनमध्ये, म्हणजे इथल्या शहरी रेल्वेत, आणि रात्री जेवणे आटोपल्यावर, ओळ न ओळ वाचतो आहे. काही तरुण सभासदांनी सुचवले की निसर्गचित्रांच्या विभागात फक्त जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत टिपलेली छायाचित्रे घ्यावीत. त्याला उत्तर दिले ते आबांनी. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, आणि त्यांच्याच डार्करूममध्ये मी प्रिंट धुवायला शिकलो. त्यांनी लिहिले की खान्देशात ऊन आणि केळी यांखेरीज टिपण्यासारखे काही नाही. चांगला विषय हवा असेल तर लडाख, स्पिती, निदान कोकणकडा तरी गाठावाच लागतो. मी तरुणांच्या बाजूने चार ओळी लिहिल्या, तेव्हा आबांनी मला एवढेच कळवले: "तुला बोलायला काय जाते? तुझ्या दारात रॉकी पर्वत उभा आहे."

हे वाक्य सर्वस्वी खोटे असते तर मी सोडून दिले असते. माझ्या घराच्या डेकवरून स्वच्छ हवेत पश्चिमेला एक दातेरी पांढरी रेघ दिसते, तो रॉकी पर्वत. त्या डोंगरांतले बान्फ हे गाव येथून सुमारे १३० किलोमीटर आहे आणि मोरेन लेक त्याच्याही साठ-सत्तर किलोमीटर पुढे. येथे आलो त्या पहिल्याच वर्षी मी त्या सरोवराचे छायाचित्र जळगावला पाठवले होते आणि आबांनी ते कौतुकाने दर्शनी भिंतीवर लावले होते. ते कसे मिळाले हे मी तेव्हा कोणाला सांगितले नाही. पहाटे तीनला निघून मी शिळांच्या त्या प्रसिद्ध ढिगाऱ्यावर चढलो, तेव्हा तेथे तीस-चाळीस ट्रायपॉड आधीच उभे होते. मला दोन अनोळखी माणसांच्या मधली हातभर जागा मिळाली आणि मी टिपले ते दृश्य १९६९ च्या मालिकेतल्या कॅनडाच्या वीस डॉलरच्या नोटेच्या पाठीवर छापलेले होते. पुढे गर्दी इतकी वाढली की २०२३ पासून खासगी गाड्यांना त्या रस्त्यावर बंदी घातली गेली, आणि आता शटलचे आरक्षण करून जावे लागते. मी तेथे एकूण सहा वेळा गेलो आहे. सहाही वेळची चित्रे चांगली आहेत, आणि त्यांतले एकही माझे आहे असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

जी चित्रे मी माझी मानतो ती रॉकीच्या उलट दिशेला मिळाली. शहराच्या पूर्वेला चाळीस मिनिटांवर शेतांमधून जाणाऱ्या एका सरळ रेंज रोडच्या कडेला एक स्लू आहे, म्हणजे शेताच्या खोलगट कोपऱ्यात साचलेले पाणी, आणि त्याच्या पलीकडे काटेरी तारेचे कुंपण, पॉप्लरची चार झाडे आणि आभाळ. पहिल्यांदा गेलो तेव्हा काहीच दिसले नाही. दुसऱ्यांदा गेलो ते गाडी वळवायला जागा होती म्हणून. पुढे मी तेथे इतक्या वेळा गेलो आहे की बर्फ कोणत्या काठापासून सुटू लागते, बदके कोणत्या बाजूने उतरतात, शेजारचा कॅनोला, म्हणजे मोहरीच्या जातीचे पीक, फुलला की पाण्यात त्याचा पिवळा पट्टा कोणत्या वेळी पडतो, हे मला पाठ झाले आहे. चिनूक, म्हणजे रॉकीवरून उतरणारा उबदार वारा, सुटतो त्या दिवशी पश्चिमेला ढगांची कमान उभी राहते आणि तिच्याखाली निळ्या आकाशाची फट उरते. ती फट त्या पाण्यात नेमकी मावते हे कळायला मला तिसरा हिवाळा लागला. ते चित्र मी चौथ्या वर्षी प्रदर्शनाला पाठवले. ते दाराजवळच्या कोपऱ्यात लागले आणि आबांनी मला विचारले, "हे कशाला पाठवले? असले पाझर तलाव आपल्याकडे काय कमी आहेत?" कमी नाहीत, आबा, आणि मी तेच तर म्हणतो आहे.

किती लांब जावे या प्रश्नाला माझे उत्तर इतकेच आहे की जेथे पुन्हा पुन्हा जाता येईल तेथवर जावे. ज्याला दर महिन्याला लडाखला जाता येते त्याने खुशाल जावे. ज्याला आयुष्यात एकदाच आठ दिवसांची रजा काढून जाता येते, त्याला तेथे इतरांनी आधी पाहून ठेवलेलेच हाती लागते, कारण त्याच्याजवळ चुकायला वेळ नसतो.

उन्हाविषयीचे आबांचे म्हणणे मला सर्वांत जास्त खटकले. कॅलगरी ५१ अक्षांशावर आहे आणि जळगाव २१ अक्षांशावर. येथे सूर्य तिरपा चढतो आणि तिरपा उतरतो. डिसेंबरात माध्यान्हीलाही तो क्षितिजापासून १६ अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे दिवसभर सावल्या लांब असतात आणि आळशी माणसालाही मऊ प्रकाश मिळतो. जळगावात त्याच दिवशी माध्यान्हीला तो ४५ अंशांवर असतो, आणि मेच्या अखेरच्या आठवड्यात तर बरोबर डोक्यावर येऊन माणसाची सावली पायाखाली घेतो. तिकडे सूर्य सरळ वर चढतो, म्हणून सकाळचा कामाचा प्रकाश अर्ध्या तासात संपतो. त्या अर्ध्या तासात योग्य बांधावर उभे राहायचे असेल तर आदल्या रात्री जवळपासच झोपलेले असावे लागते आणि तो बांध आधी दहा वेळा पाहिलेला असावा लागतो. आबांना जो उन्हाचा दोष वाटतो तोच मला घराजवळ राहण्याचा आधार वाटतो. काळ्या रानावर दुपारी मृगजळ हलते आणि सातपुड्याची ओळ तळापासून सुटून तरंगल्यासारखी दिसते, तो विषय नाही तर काय आहे?

या वादात दोन्ही बाजूंनी केकी मूस यांचे नाव घेतले, आणि खान्देशात छायाचित्रणाविषयी बोलताना ते घेतले जाणारच. मुंबईत १९१२ मध्ये जन्मलेला हा कलावंत चाळीसगावच्या स्टेशनजवळच्या घरात अनेक दशके जवळजवळ बाहेर न पडता राहिला आणि १९८९ मध्ये तेथेच गेला. टेबलावर वस्तूंची मांडणी करून, त्यांवर स्वतः प्रकाश पाडून त्यांनी चित्रे घडवली. मूस घरी राहिले म्हणून आपणही राहावे, असे तरुणांनी लिहिले. मला ते पटत नाही, कारण त्यांचे एकटेपण हा कोणाला घालून देण्याचा धडा नाही. पण त्यांचे टेबल ही अशी जागा होती की जिच्याकडे त्यांना रोज रात्री परतता येत होते, आणि ती मांडणी पाहताना मला नेहमी वाटते की एवढी नजर एका भेटीत येत नाही. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन १९२९ मध्ये कॅलिफोर्नियातील कार्मेलला राहायला आले आणि जवळच्याच पॉइंट लोबोसचे खडक, मुळे आणि समुद्रशेवाळ १९४८ पर्यंत टिपत राहिले. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचे योसेमिटीचे डोंगराळ खोरे सॅन फ्रान्सिस्कोच्या त्यांच्या घरापासून लांबच होते, पण १९१६ मध्ये चौदा वर्षांचे असताना तेथे गेल्यावर ते जवळजवळ दरवर्षी तेथेच परत जात राहिले. आबांच्या भिंतीवर अ‍ॅडम्स यांनी काढलेला फोटो आहे. आबांनी त्यातून डोंगर घेतला, परत जाणे घेतले नाही.

आता खान्देशाविषयी. धुळे, साक्री आणि नंदुरबार यांच्या मधल्या मुलखात सपाट रानातून अचानक उठून कोसच्या कोस सरळ जाणाऱ्या काळ्या कातळाच्या भिंती आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा जमिनीच्या लांब भेगांमधून वर येत असताना जो भेगांतच गोठला, तो आजूबाजूच्या खडकापेक्षा कठीण निघाला. भोवतालचा खडक झिजून गेला आणि हा उभा राहिला. भूशास्त्रज्ञ या भिंतींना डाइक म्हणतात आणि त्या मोजायला येथे येतात. आमच्या मंडळातले लोक त्यांच्या शेजारून गाडी हाकत कोकणकड्याला जातात. या भिंती बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात. त्यामुळे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो तेव्हा त्यांची दक्षिण बाजू उजळते आणि उत्तर बाजू दिवसभर सावलीत राहते. उत्तर बाजूवर तिरपे ऊन पडते ते उन्हाळ्यातच, भल्या सकाळी आणि संध्याकाळी उशिरा. एकदाच येऊन जाणाऱ्याला भिंतीची एकच बाजू दिसते. मुलांच्या शाळेच्या सुट्टीमुळे मी चौदा वर्षे बहुतेक डिसेंबरातच येत आलो आहे, आणि ही भिंत मी फक्त दक्षिणेकडून टिपलेली आहे.

दूर जाणाऱ्यांचे काहीच देणे नाही असे मी म्हणत नाही. छायाचित्रकार विल्यम हेन्री जॅक्सन १८७१ च्या सरकारी सर्वेक्षण मोहिमेबरोबर अमेरिकेतल्या यलोस्टोनला गेले, त्यांची छायाचित्रे वॉशिंग्टनमध्ये पाहिली गेली, आणि पुढच्याच वर्षी ते राष्ट्रीय उद्यान झाले. कोणीतरी जावेच लागते. पण सरदार सरोवराच्या पाण्याखाली नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या ३३ गावांची जमीन जात होती, नर्मदाकाठच्या मणिबेली गावाचे उतार बुडत होते, त्या वर्षांतले आमचे प्रदर्शन मी आठवून पाहतो. भिंतीवर लडाखच्या पँगाँग सरोवराचे निळे पाणी होते. ते चित्र माझे होते. नर्मदेचे जे काठ एका दिवसाच्या प्रवासावर होते आणि पुन्हा कधीच दिसणार नव्हते, त्यांचे एकही चित्र मला आठवत नाही. येथे आमच्या अल्बर्टा प्रांतात २०२४ च्या वणव्यात जॅस्पर या डोंगरातल्या गावाचा काही भाग जळाला, तेव्हा वर्षानुवर्षे तेच वळण, तीच दरी टिपत राहिलेल्या स्थानिकांचे संग्रह लोकांनी डोळ्यांत पाणी आणून पाहिले. हे लोक हौशी आहेत, पण आपल्या मुलखाची नोंद ठेवणे हे त्यांना काम वाटते. आपल्याकडे ते काम कोणालाच आपले वाटले नाही, हे मला येथे आल्यावर समजले, आणि हे लिहिताना आबांना ते फटकन लागेल याचीही मला जाणीव आहे.

मात्र माझेच माप मला लावले तर खान्देश आता माझ्या टप्प्यात राहिलेला नाही. तो मला वर्षाआड तीन आठवडे भेटतो, आणि त्यातले अर्धे दिवस नातेवाइकांकडे जाण्यात जातात. मीही तेथे घाईने कॅमेरा काढणारा पाहुणा झालो आहे.

एकदाच, २०१९ मध्ये, जमिनीच्या वाटणीचे कागद करायला मी जूनच्या आरंभी यावल तालुक्यातल्या घरी होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी सातपुड्याकडून काळे-तांबडे आभाळ उठले आणि वावधान, म्हणजे वादळी वारा, सुटले. दहा-पंधरा मिनिटांत ते ओसरले तेव्हा कापणीला आलेली केळीची निम्मी बाग आडवी झाली होती. त्यानंतर जो प्रकाश पडला तसा मी आजवर पाहिलेला नाही: ढगांच्या कडेखालून आलेले ऊन, फाटलेल्या ओल्या पानांवर चमकणारे, आणि मागे शाईसारखा डोंगर. बॅग खांद्यालाच होती. मी गुडघ्यावर बसून चौकट लावली. चौकटीत माझा थोरला भाऊ होता, खाली पडलेला घड उचलत. त्याने मान वर न करता म्हटले, "फोटो मग काढजो, आधी हात लाव." मी कॅमेरा बांधावर ठेवला आणि अंधार पडेपर्यंत आम्ही घड वेचून कडेला लावत राहिलो. ते चित्र कोणाकडेच नाही.

आबांना मी इतक्या तावातावाने का लिहितो, हे मला त्या दिवसाच्या आठवणीतून थोडे कळते. माझी जागा त्यांनी तरी सोडू नये, जूनमध्ये त्यांनी तरी त्या बांधावर असावे, भिंतीची उत्तर बाजू त्यांनी तरी पाहावी, असे मला वाटते. हे मागणे न्याय्य नाही. आबांचे गुडघे आता दुखतात आणि लडाख त्यांनी निवृत्तीनंतर पहिल्यांदा पाहिले.

गेल्या जुलैत माझ्या स्लूच्या बाजूला मोठ्या गारा पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर कॅनोला जमिनीला चिकटलेला होता आणि पाण्यावर पिवळ्या पाकळ्यांची साय जमली होती. मी दोन तास चित्रे काढली. ती मी आजवर काढलेल्या चित्रांत सर्वांत चांगली आहेत असे मला वाटते. शेताचा मालक पिकअप घेऊन आला आणि काच खाली करून बराच वेळ रानाकडे पाहत राहिला. इतक्या वर्षांत मी त्याला ओळखीपुरता झालो आहे. मी ट्रायपॉड सोडून त्याच्याकडे चार पावले गेलो. त्याने स्टिअरिंगवरून दोन बोटे वर केली, मीही हात वर केला, आणि तो निघून गेला.