उपसूचनेची चिठ्ठी खिशात ठेवून अधिवेशनाला जा

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर... आपल्या इंदुरातल्या मराठी घरांतली कॉलेजची मुलं मित्रमैत्रिणींबरोबर एखाद्या राजकीय अधिवेशनाला निघाली की घरातून दोन प्रश्न हमखास येतात: राहायची सोय काय आणि परत कधी? दोन्ही रास्तच आहेत. तिसरा मात्र कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे: तिथे तुला मत आहे का?

अधिवेशनाला जाणारा प्रतिनिधी असतो, निरीक्षक असतो किंवा स्वयंसेवक असतो. प्रतिनिधीला बोलता येतं आणि मत देता येतं. निरीक्षक बहुधा फक्त ऐकतो. स्वयंसेवकाचा दिवस खुर्च्या लावण्यात आणि पाण्याचे जार उचलण्यात जातो. बिल्ला गळ्यात पडल्यावर हे कळून काही उपयोग नाही. नोंदणीचा अर्ज भरतानाच विचारा, संघटनेची घटना म्हणजे नियमावली मागून घ्या, आणि मतदानासाठी सदस्यत्व किती जुनं लागतं ते तिच्यात पाहा. 'गाडी फुकट, जेवण फुकट, तुम्ही फक्त या' असं निमंत्रण असेल तर तुम्हाला गर्दीसाठी बोलावलं आहे, हे पक्कं समजा. तिकीट स्वतःच्या पैशानं काढा. ज्याच्या बसमधून गेलो त्याच्या ठरावाविरुद्ध हात वर करणं फार जड जातं.

दिल्लीचं अधिवेशन धरून चालू. गट सहाचा ठेवा, कारण रेल्वेच्या एका तिकिटावर सहाच नावं बसतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तारखा उशिरा जाहीर झाल्या तर तत्काळ उरतं: आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० ला, स्लीपरसाठी ११ ला, आणि एका तिकिटावर चारच जण. ऑनलाइन काढणार असाल तर खात्याची आधार पडताळणी आधीच करून ठेवा, ११ वाजता ती करत बसलात तर जागा गेली. वेटिंगच्या तिकिटावर स्लीपरमध्ये चढून 'बघू पुढे' म्हणू नका, ते चालत नाही. महूहून सुटणारी माळवा एक्स्प्रेस उज्जैन, भोपाळ, ग्वाल्हेर करत दिल्लीला जाते. ग्वाल्हेरचे मित्र येणार असतील तर त्याच गाडीत भेटतील. विद्यार्थ्यांची रेल्वे सवलत घरी जाण्यासाठी आणि शैक्षणिक सहलीसाठी आहे. अधिवेशनाला 'सहल' म्हणून कॉलेजचं पत्र आणण्याचा सल्ला घरचेच देतात कधी कधी. कृपा करून देऊ नका.

डब्यात दशम्या आणि लसणाची कोरडी चटणी द्यावी. दुधात भिजवलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, भाजी मात्र रात्रीतच आंबते. बॅगेला कुलूप हवंच, बिनकुलपाची बॅग स्टेशनच्या क्लोकरूममध्ये घेत नाहीत. मोठे नेते येणार असतील तर काळे कपडे, पाण्याची बाटली, पॉवरबँक हे सगळं दारावर अडू शकतं. मंडपात फोन लागेलच असं नाही, म्हणून एक खांब किंवा फाटक ठरवा आणि दर तीन तासांनी तिथे जमा.

आता मुख्य काम. ठरावांचा मसुदा जाण्याआधी मिळवा आणि इंदुरातच, कोणाच्या तरी घरी बसून, सहाही जणांनी मोठ्यानं वाचा. वाचताना 'शक्य असेल तेथे', 'यथावकाश', 'विचार करावा' अशा शब्दांखाली रेघ मारा. ठराव तिथेच पोकळ होतो. समजा मसुद्यात आहे: 'प्रत्येक जिल्ह्यात शक्य असेल तेथे मुलींचं वसतिगृह बांधावं.' मसुद्यातले शब्द बदलण्याची लेखी सूचना म्हणजे उपसूचना. तुमची तिची चिठ्ठी एवढीच असावी:

'ठराव ३, परिच्छेद ४, ओळ २: "शक्य असेल तेथे" हे शब्द वगळावेत. सूचक अमुक, अनुमोदक तमुक.' खाली सूचना मांडणारा सूचक आणि तिला पाठिंबा देणारा अनुमोदक, दोघांच्या सह्या आणि प्रतिनिधी क्रमांक.

मसुदा हिंदीत असेल तर चिठ्ठीही हिंदीतच लिहा. मराठीत विचार करून हिंदीत लिहिणं इंदूरकरांना काय अवघड आहे? चिठ्ठ्या बाद होण्याची कारणं जवळजवळ ठरलेली असतात. अनुमोदकाची सही नसते, मुदत टळलेली असते, किंवा नेमके शब्द सांगायच्या जागी पानभर भाषण लिहिलेलं असतं. 'हा ठराव फेटाळावा' ही उपसूचनाच होत नाही, त्यासाठी विरोधात मत द्यायचं असतं. चिठ्ठीच्या दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. बोलायला तीन मिनिटं मिळाली तर ते साधारण तीनशे शब्द होतात. त्यातले शंभर 'आदरणीय मंचावर विराजमान' म्हणण्यात घालवू नका.

एका ठरावाच्या शब्दांनी काय होतं ते आपल्याच प्रदेशात, जबलपूरजवळच्या त्रिपुरीला, घडलं आहे. २९ जानेवारी १९३९ ला सुभाषबाबू १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पट्टाभी सीतारामय्यांना हरवून काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मार्चमधल्या त्रिपुरी अधिवेशनात ते तापानं फणफणलेले होते, त्यांना स्ट्रेचरवरून आणावं लागलं. तिथे गोविंद वल्लभ पंतांचा ठराव आला: अध्यक्षांनी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. समाजवादी गट तटस्थ राहिला आणि ठराव मंजूर झाला. निवडून आलेल्या अध्यक्षाचे हात एका वाक्यानं बांधले गेले. एप्रिल संपण्याआधी सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. तटस्थ राहण्यानंही निकाल बदलतो, हे त्या दिवशीच्या मंडपात बसलेल्यांनी पाहिलं.

आणि चिठ्ठीचं म्हणाल तर सूरत, २७ डिसेंबर १९०७. काँग्रेसच्या अधिवेशनात टिळकांनी तहकुबीची, म्हणजे कामकाज पुढे ढकलण्याची, सूचना मांडण्यासाठी चिठ्ठी पाठवली होती. ती मांडू दिली नाही, टिळक व्यासपीठावर उभे राहिले, आणि पुढे जोडा फेकला गेला, खुर्च्या चालल्या. बोलू न देणं किती महागात पडतं, हे प्रत्येक अध्यक्षानं लक्षात ठेवावं.

मतदान आवाजी झालं आणि निकालाबद्दल शंका असेल तर लगेच उभं राहून 'मतविभाजन हवं', म्हणजे हात मोजा, म्हणा. पुढचा ठराव पुकारल्यावर कोणी ऐकत नाही. हात मोजणारे रांगेरांगेनं जातात, म्हणून स्वतःच्या रांगेत बसून राहा. मधल्या वाटेत किंवा चहाच्या टेबलाशी उभ्या असलेल्यांचे हात सुटतात. सगळ्यात जास्त मतं वाया जातात ती शेवटच्या दिवशी. मोठ्या नेत्याचं भाषण सकाळी होतं, मंडप रिकामा होतो, मुलं लाल किल्ला बघायला जातात, आणि मतदान जेवणानंतर असतं. परतीचं तिकीट त्या दिवशी रात्रीचं किंवा दुसऱ्या दिवशीचंच काढा.

परतीच्या गाडीत, झोप लागण्याआधी, मसुदा आणि मंजूर झालेला ठराव शेजारी ठेवून कोणते शब्द गेले, कोणते आले ते वहीत उतरवा. आणि घरच्यांनो, मुलं दारात आली की 'भाषण कसं झालं?' विचारण्याआधी ती वही बघायला मागा.