पट्ट्यावरच्या ६४० कॅलरींच्या तक्रारीला जिमच्या मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमची तक्रार मी तीनदा वाचली. छातीला बांधायच्या आमच्या पट्ट्यानं ४५ मिनिटांच्या बॅचला ६४० कॅलरी दाखवल्या आणि तुमच्या मनगटावरच्या घड्याळानं त्याच वेळात ३९०. ट्रेनरला विचारलंत, तर तो म्हणाला, पट्टाच खरा. त्या भरवशावर तुम्ही तेवढं जास्त खाल्लंत आणि दोन महिन्यांत वजन उतरायचं सोडून किलोभर चढलं. पट्टे बोगस आहेत, ही सरळ फसवणूक आहे, असं तुम्ही लिहिलंय.

चूक आमची आहे. पट्टा मात्र बोगस नाही. घोळ नेमका कुठे झाला ते सांगतो, कारण इथे वाचणारे बरेच जण असाच पट्टा किंवा घड्याळ वापरत असतील.

काल रात्री तुमच्या पट्ट्याची नोंद उघडून पाहिली. तो आधी एका पुरुष सभासदाकडे होता, वजनानं तुमच्यापेक्षा बराच जास्त. तुम्हाला देताना आम्ही नाव बदललं. वय, वजन आणि स्त्री की पुरुष हे रकाने तसेच राहिले. (कोणाचेच आकडे इथे चारचौघांत लिहीत नाही.) पट्टा कॅलरी मोजतच नाही. तो हृदयाचे ठोके मोजतो आणि मग ठोके, वय, वजन, लिंग हे सगळं एका सूत्रात घालून कॅलरींचा अंदाज बांधला जातो. तुमच्या खऱ्या नोंदी भरून त्याच ठोक्यांचा हिशेब पुन्हा केला, तर ६४० चे साधारण ४०० झाले. म्हणजे दर बॅचला २४० कॅलरी आम्ही तुमच्या नावावर उगाच चढवल्या. आठवड्याचे चार दिवस, आठ आठवडे: ७,६८०. एक किलो चरबीमागे साधारण ७,७०० कॅलरी धरतात. वजनात पाण्याचाही चढउतार असतो हे खरं, पण ही बेरीज समोर आल्यावर आपली बाजू मांडावी असं मला वाटलं नाही.

आता ४०० आणि घड्याळाचे ३९० जुळले, म्हणून तो आकडाही पक्का धरू नका. चालताना, पळताना, सायकल चालवताना ठोके आणि शरीरानं घेतलेला ऑक्सिजन साधारण सोबतीनं वाढतात, आणि एक लिटर ऑक्सिजनमागे जवळपास ५ कॅलरी खर्च होतात. सूत्राचा सगळा भार या नात्यावर आहे. तुमच्या बॅचचा निम्मा वेळ वजनं उचलण्यात जातो. जड स्क्वॉट मारताना श्वास रोखला जातो, स्नायू आवळलेले असतात, रक्तदाब चढतो. ठोके झपाट्यानं वाढतात, पण ऑक्सिजनचा खर्च त्या मानानं वाढत नाही. सूत्राला हे कळत नाही, ते तुम्ही पळताय असंच धरून चालतं. उकाडा, अपुरी झोप, कमी प्यायलेलं पाणी यांनीही ठोके वाढतात आणि कॅलरी फुकट जमा होतात. शिवाय नुसतं बसून राहिलं तरी दर किलो वजनामागे तासाला साधारण एक कॅलरी जातेच. ६० किलोच्या माणसाच्या ४५ मिनिटांत त्या ४५ होतात, आणि अनेक उपकरणं त्या व्यायामातच धरतात.

ट्रेनरचं बोलणं अर्धंच बरोबर होतं, आणि तसं बोलायला त्याला मीच शिकवलं होतं. त्याच्यावर राग धरू नका. पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो. घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताच्या प्रवाहावरून ठोके ओळखतं, आणि डंबेल घट्ट धरून मनगट वाकलं की त्यात गडबड होते. ठोक्यांसाठी पट्टा सरस आहे. कॅलरींच्या बाबतीत दोघंही अंदाजच सांगतात. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणं ६० जणांवर तपासली होती. ठोक्यांमध्ये सातपैकी सहांची चूक ५ टक्क्यांच्या आत राहिली. कॅलरींमध्ये सगळ्यात चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. हे मला माहीत होतं, तरीही कॅलरींचा आकडा मी भिंतीवरच्या स्क्रीनवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत लावला, कारण तो पाहून लोकांना हुरूप येतो. तुम्ही त्यावर विश्वास ठेवलात यात तुमचं काहीच चुकलं नाही.

आजपासून स्क्रीनवर कॅलरी दिसणार नाहीत, फक्त ठोके आणि झोन (म्हणजे ठोक्यांवरून ठरवलेले व्यायामाच्या जोराचे टप्पे) दिसतील. पट्टा देताना सगळे रकाने सभासदासमोर भरले जातील आणि वजनाची नोंद दर महिन्याला तपासली जाईल. जुन्या सगळ्या पट्ट्यांच्या नोंदी या आठवड्यात पडताळतोय. आणखी कोणाचं असं झालं असेल तर त्यांना मी स्वतः फोन करीन. बीटा ब्लॉकरसारखी ठोके कमी ठेवणारी औषधं कोणी घेत असेल तर त्यांनी ट्रेनरला जरूर सांगावं, त्यांच्यासाठी आमचे झोन लागू पडत नाहीत.

तुमची दोन महिन्यांची फी परत करतोय.

आणखी एक, आणि हे मला मनापासून सांगायचंय. कॅलरी चुकल्या, पण तुमचे ठोके दोन्ही महिने बरोबर नोंदले गेलेत. वॉर्मअपला तुम्ही ट्रेडमिलवर रोज एकाच वेगानं चालता. त्याच वेगाला पहिल्या आठवड्यात पडणारे ठोके आणि गेल्या आठवड्यातले ठोके मी शेजारी ठेवून पाहिले, तर ते स्पष्ट खाली आलेत, सेटनंतर शांतही लवकर होतात. मेहनत तुमची आहे आणि ती अंगी लागली आहे. कागद छापून ठेवलाय. तुमच्या बॅचच्या वेळी मी काउंटरवर असतो. पुढे यायचं नसेल तरी तो घेऊन जा.