बोटीवर खापर कशाला?

सामोआ-टोंगा या पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या मुलांची पोटं सुटली कारण तिथं डबाबंद मांस आणि गोड पेयं बोटीने येतात, हे मुलांच्या लठ्ठपणावरच्या तुमच्या लेखातलं कारण अर्धंच पटलं. आमच्या खानापूर तालुक्यात कुठली बोट? दारात म्हैस, रानात भात, तरी पोरांची पोटं पुढं! पाच-दहा रुपयांच्या खाऊच्या पुड्यांच्या माळा प्रत्येक किराणा दुकानात लटकलेल्या, आणि शाळेला चालत जाणारी पोरं आता वडापच्या गाडीने जातात.

माझा भाचा नऊ वर्षांचा. हातपाय काड्या, वजन ३० किलो, म्हणजे कागदावर ठीकच. टेलरकडं चड्डीचं माप घेताना कंबर ६८ सेंटिमीटर भरली. उंची १३२. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी, म्हणजे ६६ च्या खाली. आजी म्हणते, "खात्यापित्या घरचा आहे, नजर लावू नका." पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्याकडची बाळं दिसायला बारीक पण अंगात चरबी जास्त, हे कधीच दाखवलंय. तरी अंगणवाडीत काय मोजतात? वजन, उंची, दंडाचा घेर. पोटाला टेप लावायचं कुणाच्या ध्यानातच येत नाही.