सहल न काढता सहलीचा निधी कसा संपवावा

मार्चचा दुसरा आठवडा चालू आहे आणि तुमच्या टेबलावर एक नस्ती येऊन पडली आहे. विषय : 'वंचित घटकांतील विद्यार्थ्यांकरिता निसर्ग शिक्षण व क्षेत्रभेट'. निधी आलाय, पण तो एकतीस तारखेच्या आत खर्ची पडला पाहिजे. नाहीतर परत जाणार, आणि एकदा परत गेला की पुढच्या वर्षी तुमच्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही. घाबरू नका. मी बत्तीस वर्षं शिक्षकी केली, त्यातली शेवटची आठ मुख्याध्यापकाच्या खुर्चीत. माझ्या हातून असा निधी एकदाही परत गेला नाही. मुलं खरोखर बाहेर गेली ती मात्र एकदाच. त्या चुकीचं शेवटी सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे बस ठरवायला धावू नका. नवशिके इथेच फसतात. त्यांना वाटतं, मुलं इथे, झाडं तिथे, मधे दहा-बारा किलोमीटर, म्हणजे बस लागणार. घरगुती हिशेब म्हणून ठीक आहे. पण बस संध्याकाळी निघून जाते. तिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकून डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद करता येत नाही. तपासणीला साहेब आले तर त्यांना दाखवणार काय? मुलांच्या डोक्यात काहीतरी उरतं असं म्हणतात, पण डोक्याचा जिओटॅग फोटो अपलोड होत नाही.

तेव्हा वस्तू घ्या. बाजारात 'निसर्ग संच' मिळतो. त्यात प्लॅस्टिकचं भिंग, शिट्टी, योजनेचं नाव छापलेली टोपी आणि प्राण्यांचा एक तक्ता. नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं मागवा. आमच्याकडे आली होती त्या तिन्हींत 'भिंग' हा शब्द 'भींग' असा लिहिलेला होता. तीन वेगवेगळ्या दुकानदारांनी एकच चूक करावी, यातून त्यांचं एकमत किती पक्कं होतं ते कळतं. तक्त्यावर पाणघोडा होता, गेंडा होता, पेंग्विन होता. कावळा, घार, मुंगूस हे आमच्या शाळेच्या कुंपणावर रोज दिसणारे प्राणी नव्हते, कारण जे फुकट दिसतं ते शिकवायला निधी कशाला? पेंग्विन मात्र मुंबईत आहे हं. भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयात, वातानुकूलित.

आता कुणी समाजसेवक येऊन म्हणेल की गरिबांच्या मुलांना पर्यावरण शिक्षणच मिळत नाही. त्याच्यापुढे कागद ठेवा. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सांगितलं, हा विषय सक्तीने शिकवा. २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेना उभी राहिली, शाळाशाळांतून इको क्लब निघाले. पुढे बरीच वर्षं एका क्लबला वर्षाचे अडीच हजार रुपये मिळत. महिन्याला दोनशे आठ रुपये तेहतीस पैसे. एवढ्यात सेना पोसता येते हे संरक्षण खात्याला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. आमच्या सेनेने त्यातून कार्डपेपर, स्केचपेन आणि पाहुण्यांसाठी नारळ घेतला. श्रीफळाशिवाय पर्यावरण होत नाही.

पर्यावरण दिन ५ जूनला असतो, आणि तेव्हा आपल्याकडच्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. ही सोय कुणी केली माहीत नाही, पण उत्तम आहे. शाळा उघडल्यावर सवडीने साजरा करा. आमच्या एका बाईंनी एका वर्षी थर्माकोलचा वड केला होता. सुतळीच्या पारंब्या, पारंब्यांना हिरवा पोस्टर कलर, बुंध्याशी कापसाचे ससे. वडाखाली ससे का, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "सर, कापूस उरला होता." जिल्ह्यात दुसरा नंबर आला. मग मार्च २०१८मध्ये राज्यात प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आली, आणि या वडाचं करायचं काय, यावर शिक्षकसभा भरली. टाकावा तर कचरा, जाळावा तर धूर, ठेवावा तर कायदा. शेवटी वरच्या कपाटात कुलूपबंद केला. आमच्या शाळेने लावलेल्या झाडांपैकी तेवढंच एक अजून हिरवं आहे.

पैसे नाहीत, असं मात्र चारचौघांत बोलू नका. आपल्या राज्याला भरपाई वनीकरणाच्या, म्हणजे जंगल गेल्याच्या बदल्यात झाडं लावायच्या निधीतून २०१९ साली एका झटक्यात ३,८४४ कोटी रुपये मिळाले. त्याच साली ३३ कोटी रोपं लावायचा संकल्प सुटला. त्याच ऑक्टोबरात मुंबईतल्या आरेच्या जंगलात मेट्रोच्या कारशेडसाठी दोन दिवसांत दोन हजारांवर झाडं आडवी झाली. ३३ कोटींच्या हिशेबात एवढं म्हणजे राउंड ऑफ. पण ते सगळे पैसे झाडांचे. आपल्याकडे झाडाचा पैसा झाडाला आणि मुलाचा पैसा मुलाला. दोघांची गाठ पडेल असं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, मी बत्तीस वर्षं शोधलं. एकदा सापडल्यासारखं वाटलं, तर ते पेव्हर ब्लॉकचं निघालं.

जागेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. निसर्ग अशा ठिकाणी नेऊन ठेवावा की ज्यांच्याकडे तो आधीच आहे त्यांना तो सहज सापडेल. २०२५ साली मुंबईच्या श्रीमंत मलबार हिलवर झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा ४८५ मीटरचा लाकडी मार्ग खुला झाला. देखणा आहे, मी स्वतः जाऊन आलो, दोन तांबट पक्षीही दिसले. तिकीट फक्त २५ रुपये. फक्त वेळ आधी ऑनलाइन ठरवायची. म्हणजे घरात फोन पाहिजे, फोनमध्ये नेट पाहिजे, आणि तो फोन बापाबरोबर कामावर गेलेला नसला पाहिजे. एवढं जमलं की निसर्ग सगळ्यांचाच आहे.

आमची शाळा मुंबईतल्या गोवंडीची. इथल्या मुलांना आणखी कुठला निसर्ग दाखवायचा, असा प्रश्न मला वरच्या कार्यालयात विचारला गेला होता, आणि तो रास्तच होता. डोंगर त्यांच्याकडे आहे. देवनारचा, कचऱ्याचा. १९२७ पासून अख्खी मुंबई तो रचत आली आहे. डोंगराच्या मागे कांदळवन, त्यापुढे ठाण्याची खाडी, आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत त्या खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. २०१५ साली खाडीतल्या पट्ट्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव गेलं. हे पक्षी जवळून बघायचे असतील तर गोवंडीच्या मुलाने खाडी ओलांडून ऐरोलीला जावं, तिकीट काढून होडीत बसावं, आणि मागे फिरून आपल्याच घरामागचा पक्षी बघावा. दुर्बिणीतून कचऱ्याचा धूरही छान दिसत असेल. मी काही गेलो नाही, शाळेसाठी होडीचा खर्च कुठल्या रकान्यात दाखवायचा यावर पत्रव्यवहार अजून चालू आहे.

एवढं करूनही एखादा उत्साही तरुण शिक्षक 'सर, मुलांना नेऊ या' म्हणत येईलच. त्याला नाही म्हणू नका, परवानगीचा नमुना द्या. इथे एक गोष्ट साधेपणाने सांगतो. फेब्रुवारी २०१६मध्ये मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण नियम वाचायच्या दोन रीती आहेत. 'सांभाळून न्या' ही एक, 'नेऊच नका' ही दुसरी. दुसरीला कागद कमी लागतात. बड्या शाळा पहिल्या रीतीने वाचतात, त्यांची मुलं मनालीला दोरीवर लोंबकळून येतात. आपण दुसऱ्या रीतीने वाचायचं. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांचं संमतीपत्र, प्रथमोपचार पेटी, बसची कागदपत्रं, हे सगळं जमेपर्यंत एकतीस तारीख येते. तो तरुण शिक्षक तोवर जनगणनेच्या किंवा निवडणुकीच्या कामावर गेलेला असतो.

आता माझी चूक.

त्या वर्षी काय झालं कोण जाणे, सगळ्या सह्या वेळेत झाल्या. एका आईने तर संमतीपत्रावर अंगठा उठवला आणि विचारलं, "सर, मी पण येऊ का? मी पण नाही बघितलं कधी." तिला नेता आलं नाही, योजना विद्यार्थ्यांसाठी होती. बसमध्ये अठ्ठेचाळीस मुलं आणि आम्ही चार शिक्षक. माहीमच्या निसर्ग उद्यानात गेलो. धारावीच्या समोर, मिठी नदीच्या काठी, सदतीस एकर. तिथली मार्गदर्शक मुलगी मानधनावर होती. किती ते तिने सांगितलं आणि मी विषय बदलला. पण झाडं तिला भावकीसारखी ठाऊक. उंबर फोडून आतले किडे दाखवले, तेव्हा निम्म्या मुलांनी 'ई' केलं आणि उरलेल्यांनी अजून उंबर मागितले. कोळ्याचं जाळं बघायला मुलं पाच मिनिटं गप्प बसली. वर्गात हे मला बत्तीस वर्षांत जमलं नव्हतं.

मग सातवीतला एक मुलगा नाक वर करून म्हणाला, "सर, इथे वास कसा काय नाय येत?"

मुलीला वाटलं फुलांबद्दल विचारतोय. मला कळलं होतं. ती सांगू लागली की ही सगळी जागा म्हणजे सत्तरच्या दशकापर्यंत डम्पिंग ग्राउंड होतं. मुंबईचा कचरा इथे पडायचा, मग तो थांबवला, माती आणली, झाडं लावली, १९९४ साली उद्यान खुलं झालं. तुम्ही उभे आहात ना, त्याच्या खाली कचराच आहे. मुलांनी पायाखाली बघितलं. दोघांनी उड्या मारून बघितलं.

तो मुलगा उड्या मारत नव्हता. तो हिशेब करत होता. "मग आमच्याकडे कधी करणार?"

म्हणून सांगतो, भिंग वाटा. भिंगातून मुंगी मोठी दिसते, एवढाच प्रश्न निघतो.

पुढे लेखापरीक्षणाला बसच्या बिलावर काही निघालं नाही, आक्षेप आला केळ्यांवर. 'पाच डझन केळी खरेदी केल्याचे दिसते. विद्यार्थी ४८. उर्वरित १२ केळ्यांचा विनियोग स्पष्ट करावा.' मी खुलासा दिला : शिक्षक चार, चालक एक, क्लीनर एक, मार्गदर्शक दोन, पिचकलेली चार. उलट टपाली पत्र आलं की पिचकलेल्या केळ्यांचा पंचनामा सोबत जोडलेला नाही. तो नंतर केला, दोन पंचांच्या सहीने, आणि आक्षेप निकाली निघाला.

त्या मुलाच्या प्रश्नाचा खुलासा कुणी मागितला नाही, कारण अहवालात तो मी घेतलाच नव्हता. तिथे लिहिलंय, 'विद्यार्थ्यांनी निसर्गाच्या सान्निध्यात मनमुराद आनंद लुटला.' अहवालाची सॉफ्ट कॉपी माझ्याकडे आहे. हवी असेल तर पाठवतो, तेवढी तारीख बदलून घ्या.