शरीर टाळून ध्यान होत नाही

सप्रेम नमस्कार.

बौद्ध ध्यानात मन आणि शरीर यांचा सांधा कुठे सापडतो, या माझ्या लेखावर आपले दोन आक्षेप आहेत. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजग भानाच्या साधनेवरील बुद्धांच्या प्रवचनात, शरीराचे घटक अशुचि मानून मोजले आहेत, प्रेताच्या अवस्थांचे चिंतन सांगितले आहे, तेव्हा बुद्धांचा रोख देहापासून सुटण्याकडे होता, हा पहिला. आणि गुडघे ठणकेपर्यंत साधकाला बसवणे हा निव्वळ हठ आहे, हा दुसरा.

आपण दाखवलेले उतारे त्या सुत्तात आहेतच, परंतु त्यांच्या आधी श्वास येतो, मग चालणे, उभे राहणे, बसणे, निजणे, आणि हात आखडताना व पसरताना राखायचे भान येते. अशुचीच्या चिंतनाचा हेतू आसक्ती सैल करण्याचा आहे. त्यातून देहाचा तिरस्कार उपजला तर काय घडते, हेही परंपरेने लपवलेले नाही. वैशालीत हे चिंतन करणाऱ्या अनेक भिक्षूंना स्वतःच्या शरीराची इतकी घृणा आली की त्यांनी जीवन संपवले. ते कळल्यावर बुद्धांनी संघाला एकत्र बोलावून आनापानसती, म्हणजे श्वासावरचे ध्यान, शिकवले, असे संयुत्तनिकाय हा सुत्तांचा संग्रह आणि विनयपिटक हा भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ, दोन्ही सांगतात. आपल्या आक्षेपाचे सर्वांत सबळ उत्तर मला या प्रसंगात दिसते.

आनापानसतीच्या 16 पायऱ्यांचा क्रमही पाहावा. साधक दीर्घ व ऱ्हस्व श्वास जाणतो, संपूर्ण काया अनुभवतो, कायसंस्कार शांत करतो. त्यानंतर प्रीती (उल्हास) आणि सुख अनुभवत तो चित्तसंस्कार शांत करण्याकडे वळतो. चूळवेदल्ल सुत्तात धम्मदिन्ना भिक्षुणी याचा खुलासा करते: श्वास-प्रश्वास देहाशी बांधलेले असल्याने ते कायसंस्कार, तर संज्ञा (वस्तू ओळखणे) आणि वेदना (केवळ दुखणे नव्हे, तर सुखद, दुःखद किंवा तटस्थ अशी कोणतीही अनुभूती) चित्ताशी बांधलेल्या असल्याने ते चित्तसंस्कार. संथ श्वासाने, विशेषतः उच्छ्वास लांबला की, हृदयाची गती मंदावते हे आजचे शरीरशास्त्रही सांगते. पण माझे म्हणणे त्यावर अवलंबून नाही, कारण साधकाला ही गोष्ट बसल्या जागी पडताळता येते.

खरा सांधा मात्र वेदनेत आहे. इंद्रिय आणि विषय यांच्या स्पर्शातून वेदना आणि वेदनेतून तृष्णा, अशी प्रतीत्यसमुत्पादाची, म्हणजे एका कारणातून पुढची गोष्ट उपजण्याची, साखळी आहे. गुडघ्यात कळ येते आणि क्षणार्धात ‘हे कधी संपणार’ असा त्रागा उठतो. एरवी या दोन गोष्टी आपल्याला एकच वाटतात. सल्ल सुत्तात बुद्ध त्यांना दोन बाण म्हणतात: अशिक्षित माणसाला देहाचा बाण लागतो आणि पाठोपाठ मनाचाही, तर शिकलेल्या श्रावकाला (शिष्याला) फक्त पहिला लागतो. हा दुसरा बाण कसा सुटतो हे शरीराकडे लक्ष दिल्याखेरीज दिसणार कसे?

आता हठाविषयी. कळ वाढवत नेणे ही साधना नव्हे, याबाबत मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे, आणि काही ठिकाणी नवख्या साधकांवर तसा ताण पडतो याचे मलाही वाईट वाटते. खुद्द बुद्धांचेच उदाहरण पाहावे: कपिलवस्तूच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत आपल्या कुळातील शाक्यांना उपदेश केल्यावर बुद्धांनी आपली पाठ दुखत असल्याचे शिष्य आनंदांना सांगितले, पुढचा उपदेश त्यांच्याकडे सोपवला आणि संघाटीची (भिक्षूच्या वरच्या वस्त्राची) चौघडी अंथरून, स्मृती (सजग भान) राखून ते उजव्या कुशीवर आडवे झाले.