आत्याच्या नजरेतला हिरा

साखरपुड्याची अंगठी घेताना पहिला घोटाळा 'कॅरट' या शब्दापाशीच होतो. सोन्याचा कॅरट म्हणजे शुद्धता, हिऱ्याचा म्हणजे वजन. हिऱ्याचा एक कॅरट जेमतेम २०० मिलिग्रॅम, त्याचे पुन्हा १०० सेंट. तुमचं-माझं बजेट या सेंटांतच घुटमळतं.

समजा, ८० हजार आहेत. त्यातले सुमारे २,३३० रुपये तीन टक्के जीएसटीचे, ते आधीच गेले. मग १८ कॅरटचं सोनं (२२ कॅरट मऊ पडतं, हिरा धरणाऱ्या नख्या वाकतात), मग मजुरी. उरेल ते हिऱ्याचं. लोक उलटं करतात: आधी हिऱ्यावर मन बसवतात, मग बिल बघून स्वतः बसतात.

दुकानदार रंग, स्वच्छता, कट, वजन असं सगळं समजावतो. माझं प्रमाण एकच, आत्या. साखरपुड्यात ती नवरीचा हात धरून अंगठी निरखणारच. पण दहापट दाखवणारं भिंग काही पर्समध्ये घेऊन येत नाही. व्हीव्हीएस, म्हणजे स्वच्छतेच्या वरच्या प्रतीच्या, हिऱ्यातले डाग त्या भिंगातूनही मुश्किलीने सापडतात. त्यासाठी जादा पैसे मोजणं म्हणजे परकराला पैठणीचा काठ लावणं. त्याखालची व्हीएस-२ प्रत पुष्कळ झाली. आणखी खालची एसआय-१ सुद्धा चालेल, फक्त डाग मधोमध नको. रंगात 'डी' सगळ्यात पांढरा, पुढच्या अक्षरांत पिवळसर छटा वाढत जाते; पण पिवळ्या सोन्यात 'आय' रंगही पांढराच दिसतो. ५० सेंटऐवजी ४८ मागा; अर्ध्या कॅरटला दर उडी मारतो आणि रुंदीतला फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही नसतो. कटवर मात्र कंजुषी नको. खोल कापलेल्या हिऱ्याचं वजन पोटात जातं. पैसे पूर्ण, दिसणं लहान, वर चमकही मंद.

दुकानातल्या दिव्यांखाली बाटलीची काचही लखलखते, म्हणून अंगठी दाराशी उजेडात न्या. 'एकूण ५० सेंट' असं ऐकलं की खडे मोजा. सात बारीक खडे मिळून ५० होत असतील तर त्याला एका दगडाचा भाव द्यायचा नाही. बिलात सोनं, हिरा, मजुरी वेगवेगळी हवीत. सोन्यावरचा हॉलमार्कचा सहा अक्षरी नंबर, म्हणजे एचयूआयडी, आणि हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे सगळ्यात रुंद कडेवर, कोरलेला नंबर, असल्यास, कागदाशी ताडून घ्या. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

लॅबमधला हिरा? तोही कार्बनच. नुसत्या भिंगाने जवाहिऱ्यालाही तो खात्रीने ओळखता येत नाही, मग आत्याची काय कथा! त्याच पैशांत दगड मोठा येतो. मोडायला नेलात तर मात्र दुकानदार अचानक फोनवर बोलू लागतो.

बोटाचं माप संध्याकाळी घ्या. सकाळी बोटं बारीक असतात. अंगठी पेरावरून किंचित अडखळतच उतरायला हवी. पूर्ण कड्याला खडे असलेली अंगठी नंतर लहान-मोठी करणं फार कठीण.

आणि कणीक मळताना ती काढून ठेवा. हिऱ्याला तेलातुपाचं भारी प्रेम. आठवडाभर थालीपिठं थापली की डी काय नि आय काय, व्हीव्हीएस काय नि एसआय काय, सगळे एकसारखे मळकट दिसतात. मग कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ दातघासणी. तोवर आत्या आलीच तर हात पदराखाली.